नेमदर्शक आणि नेम

द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची गोष्ट आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुणाला झाड दिसले, कुणाला गुरुजी आणि भाऊ दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याचे डोके तेवढे दिसले. पुढे लोकांच्या तोंडी त्या डोक्याचा डोळा झाला. एकाग्रतेवर भाषण असले की ही गोष्ट हमखास येते.

आजच्या धनुर्धराच्या धनुष्यावर मात्र एक लहानसे उपकरण बसवलेले असते. त्याला खेळाडू सरसकट ‘साईट’ म्हणतात. आपण त्याला नेमदर्शक म्हणू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील शेरेवाडीची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंड धनुष्य प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले, अदितीने १४९. त्या वेळी आमच्या एका मित्राने शंका काढली, “धनुष्यालाच नेम धरायचे यंत्र लावले आहे, मग माणसाचे कौतुक ते काय?” प्रश्न खोचक होता, पण टाकाऊ नव्हता. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

साईट म्हणजे काय?

धनुष्याच्या मुठीच्या वरच्या भागातून एक आडवी दांडी पुढे, म्हणजे लक्ष्याच्या दिशेने, निघते. तिच्या टोकाला एक उभी पट्टी असते आणि पट्टीवर मिलीमीटरच्या खुणा असतात. या पट्टीवर वरखाली सरकणारा एक ठोकळा असून त्याला एक लहान कडे जोडलेले असते. कड्याच्या मध्यभागी ठिपका असतो. एका स्क्रूने हा ठिपका वरखाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. धनुर्धराने दोरी ओढायची, ठिपका लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर आणायचा आणि दोरी सोडायची. रचना एवढीच.

प्रकारानुसार नियम मात्र निरनिराळे आहेत. ऑलिंपिकमध्ये आजवर ज्या धनुष्याने स्पर्धा झाल्या त्या रिकर्व्ह धनुष्यावरील साईटला वस्तू मोठी दाखवणारे भिंग लावता येत नाही. कंपाऊंड धनुष्याला, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याला, असे भिंग चालते. धनुष्य कलले की नाही हे दाखवणारी पाण्याची बुडबुड्याची नळीही चालते. शिवाय त्याच्या दोरीत बारीक छिद्राची एक कडी बसवतात. त्या छिद्रातून भिंगाकडे पाहिले की बंदुकीप्रमाणे मागचा आणि पुढचा असे दोन बिंदू मिळतात. हे धनुष्य अमेरिकेतील हॉलिस विल्बर ॲलन यांनी शोधले आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा घेण्याचेही आता ठरले आहे. ‘बेअरबो’ नावाच्या तिसऱ्या प्रकारात साईट अजिबात नसते.

आपल्या नाशिक-खानदेशच्या डोंगराळ भागातील भिल्ल बांधवांचा तिरकमठा हाही साईटविनाच. बांबूचे धनुष्य आणि त्याला बांबूच्याच चिरफळीची दोरी! तिरकमठा चालवणाऱ्याच्या मनात अंतराचा अंदाज आणि हाताची उंची यांची सांगड सरावाने पक्की बसलेली असते. साईट त्याच्याकडेही असते म्हणा ना. ती लाकडावर नसते, स्मरणात असते. उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी मुलगा लिंबा राम बांबूच्या धनुष्याने रानात पाखरे टिपत असे. १९८७ मध्ये त्याची प्रशिक्षणासाठी निवड झाली आणि १९८८ मध्ये तो सोल ऑलिंपिकला गेला. स्मरणातली साईट ज्याची पक्की आहे, त्याला पट्टीवरची साईट शिकायला वेळ लागत नाही, हेच यावरून दिसते.

बाण सरळ जात नाही

साईटची गरज का पडते हे समजण्यासाठी पदार्थविज्ञानाचे थोडे साह्य घ्यावे लागेल. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये. गणित शाळेतलेच आहे.

बाण दोरीतून सुटला की त्याच क्षणी पडू लागतो. किती पडेल हे तो हवेत किती वेळ राहिला यावर अवलंबून असते. रिकर्व्ह धनुष्याच्या बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर धरू आणि हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. ३० मीटर जाण्यास बाणाला अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात तो सुमारे १.२ मीटर खाली येतो. ५० मीटरवर ही घसरण ३.४ मीटर होते आणि ७० मीटरवर ६.७ मीटर! ७० मीटर हेच ऑलिंपिकचे अंतर आहे. म्हणजे बाण आडवा सोडला तर दुमजली घराच्या उंचीइतका तो खाली जाईल. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते, हे येथे ध्यानात ठेवावे. कंपाऊंडच्या बाणाचा वेग सुमारे ८५ मीटर धरला तर ५० मीटरवर तो १.७ मीटरच घसरतो. वेगाचा फायदा तो हाच.

तेव्हा बाण नेमका लागण्यासाठी धनुष्य वर उचलून धरणे भाग आहे. किती उचलावे? येथे साईट उपयोगी पडते. ठिपका पट्टीवर खाली सरकवला की तो पुन्हा पिवळ्या मध्यावर आणण्यासाठी धनुष्याचा हात आपोआप वर न्यावा लागतो. म्हणून लांबच्या अंतराला साईट खाली आणि जवळच्या अंतराला साईट वर. नवख्याला हे उलटे वाटते. त्यावर खेळाडूंचे एक सोपे सूत्र आहे: बाण जिकडे जातो तिकडे साईट न्यावी. बाण खाली लागत असतील तर साईट खाली, डावीकडे लागत असतील तर डावीकडे.

एका मिलीमीटरचे मोल

आता किती सरकवावी ते पाहू. दोरी पूर्ण ओढलेली असताना डोळ्यापासून ठिपक्यापर्यंत साधारण ८५ सेंटिमीटर अंतर असते असे धरू. डोळा, ठिपका आणि लक्ष्य यांचे दोन समरूप त्रिकोण होतात. त्यावरून हिशेब केला तर साईट १ मिलीमीटर हलवल्याने ३० मीटरवर बाण ३.५ सेंटिमीटर सरकतो, ५० मीटरवर ५.९ आणि ७० मीटरवर ८.२ सेंटिमीटर.

७० मीटरवरच्या लक्ष्यफलकाचा व्यास १२२ सेंटिमीटर असतो आणि त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर. मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ६ सेंटिमीटर. साईट एक मिलीमीटर चुकली तर अगदी मधोमध जाणारा बाणही दहाच्या बाहेर पडतो. कंपाऊंडला ५० मीटरवर दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे असते. तेथेही हाच न्याय.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. समजा साईट बिनचूक लावली आहे. परंतु एका वेळी दोरी किंचित कमी ओढली गेली आणि बाणाचा वेग शंभरात एकाने घटला. ७० मीटरवर तो बाण सुमारे १३ सेंटिमीटर खाली लागेल. ही चूक साईटला कळत नाही आणि सुधारताही येत नाही. दोरी प्रत्येक वेळी तेवढीच ओढणे, हात हनुवटीखाली त्याच जागी टेकवणे, बोटे सारखीच सुटू देणे ही सर्व कामे माणसाचीच राहतात. रिकर्व्हच्या दोरीत छिद्राची कडी नसते, तेव्हा मागचा बिंदू म्हणजे स्वतःची हनुवटी. ती हलली की नेम हलला. माझ्या मित्राच्या शंकेचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले.

खुणा कशा बसवाव्यात?

उरलेले अर्धे उत्तर मैदानावर मिळाले. एका शिबिरात मला रिकर्व्ह धनुष्याचे प्राथमिक शिक्षण मिळाले होते. पुढे गहू निघाल्यावर विंचूरजवळच्या एका मोकळ्या शेतात, मागे मातीचा उंच बांध पाहून, आम्ही फीत लावून ३० मीटर अंतर मोजले आणि उसन्या धनुष्याने सराव सुरू केला. पहिल्याच संध्याकाळी मी एक चूक केली. पहिला बाण खाली लागला, मी साईट खाली केली. दुसरा वर गेला, साईट वर केली. तिसरा डावीकडे, साईट डावीकडे. अंधार पडेपर्यंत मी स्क्रू फिरवत होतो आणि शेवटचे बाण पहिल्यापेक्षा वाईट लागले होते. शिबिरातल्या सरांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी वही आहे का एवढेच विचारले. वही नव्हती.

त्यानंतर शिकलेली पद्धत क्रमाने देतो.

१. सुरुवात जवळून करावी, १० किंवा १५ मीटरवरून. बाण फलकावर लागू लागल्यावरच अंतर वाढवावे.

२. एका बाणावरून साईट कधीही हलवू नये. सहा बाण मारावेत आणि त्यांचा पुंजका कोठे पडतो ते पाहावे. एखादा बाण सुटतानाच बिघडला असे जाणवले तर तो हिशेबात धरू नये.

३. पुंजका एका जागी असेल आणि ती जागा मध्य नसेल, तर दोष साईटचा. ३० मीटरवर पुंजक्याचा मध्य १४ सेंटिमीटर खाली आहे; १४ ला ३.५ ने भागले की ४ मिलीमीटर. तेवढी साईट खाली घ्यावी आणि पुन्हा सहा बाण मारून पडताळावे.

४. बाण चारी दिशांना विखुरलेले असतील तर दोष आपला. तेव्हा साईटला हात लावू नये.

५. अंतर, पट्टीवरचा आकडा, वार, वेळ आणि वारा यांची नोंद त्याच दिवशी वहीत करावी.

३०, ५० आणि ७० मीटरच्या खुणा अशा पक्क्या झाल्या की मधल्या अंतरांच्या खुणा आखता येतात. वर धरलेल्या वेगाला ३० पासून ७० मीटरपर्यंत साईट सुमारे साडेचार सेंटिमीटर खाली येते, म्हणजे दर दहा मीटरला सव्वा सेंटिमीटरच्या आत. दहा-वीस मीटरच्या खुणा मात्र दाटीने पडतात, कारण डोळा बाणाच्या वर असतो आणि जवळच्या अंतराला हा फरक जाणवतो. आखलेली प्रत्येक खूण प्रत्यक्ष बाण मारून तपासावी. दुसऱ्याच्या धनुष्यावरची खूण आपल्याला उपयोगी पडत नाही. दोघांचा बाण वेगळा, ओढ वेगळी, हनुवटी वेगळी.

हलक्या धनुष्याच्या विद्यार्थ्यांना ७० मीटरवर आणखी एक अडचण येते. साईट इतकी खाली न्यावी लागते की सुटलेल्या बाणाची पिसे तिला घासतात. अशा वेळी आडवी दांडी मागे, म्हणजे धनुष्याकडे, घ्यावी. ठिपका डोळ्याजवळ आला की तोच कोन कमी उतरणीत साधतो. मात्र मग एका मिलीमीटरचे मोल वाढते आणि आधीच्या सर्व खुणा रद्द होतात.

वाऱ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. एकसारखा आडवा वारा असेल तर ठिपका आडवा सरकवावा. वारा झुळुकीझुळुकीने येत असेल तर साईट तशीच ठेवून मध्याच्या थोडे बाजूला नेम धरणे बरे. चढ-उताराचा नियम आणखी गमतीचा आहे. बाणाच्या घसरणीशी संबंध येतो तो प्रामुख्याने आडव्या अंतराचा. ३० अंशांच्या उतारावर लक्ष्य ४० मीटरवर असेल तर आडवे अंतर साडेचौतीस मीटरच्या आसपास भरते. साईट ४० वर न ठेवता ३५ च्या जवळ ठेवावी लागते. चढावरही तसेच. आपल्या निफाडच्या सपाट रानात हा अनुभव येणार नाही. चांदवडकडच्या डोंगरउतारावर येईल.

शिकारीचा प्रश्न

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. अमेरिकेत परवाना घेऊन धनुष्याने शिकार करता येते आणि तेथे शिकारीसाठी खास साईट बनतात. काहींमध्ये एकाखाली एक असे तीन किंवा पाच पक्के ठिपके असतात, प्रत्येक ठिपका एका अंतराचा. काहींमध्ये एकच ठिपका चाकाने वरखाली होतो. अशी साधने पाहिली की आपल्याकडच्या तरुणांनाही वाटते, साईट आहे, मग लांबून टिपायला काय हरकत? हे बोलणे मी स्वतः ऐकले आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडतो.

साईट अंतर विचारते, सांगत नाही. मैदानावर ते फितीने मोजलेले असते, रानात अंदाजाने ठरते. वेगवान कंपाऊंड धनुष्य घेतले, साईट ४० मीटरला लावली आणि जनावर प्रत्यक्षात ४५ मीटरवर असले, तर बाण सुमारे १५ सेंटिमीटर खाली जातो. फलकावर या चुकीने दोन-चार गुण जातात. जिवंत प्राण्याच्या बाबतीत काळजावर धरलेला नेम पायावर किंवा पोटावर बसतो आणि ते जनावर जखम घेऊन दिवसचे दिवस हिंडते. लेसरच्या अंतरमापकाने अंतर अचूक कळले तरी दुसरी अडचण राहतेच. दोरीचा आवाज ४० मीटर जायला सेकंदाचा आठवा भाग पुरतो; बाणाला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. आवाज कानी पडल्यापासून बाण पोचेपर्यंत प्राण्याला सेकंदाचा एक तृतीयांश अवधी मिळतो. हरणासारख्या चपळ प्राण्याला दचकून खाली दबायला तेवढा पुष्कळ झाला. जुन्या शिकाऱ्याचे कौशल्य लांबून मारण्यात नव्हते. वारा पाहून, दबा धरून जवळ जाण्यात होते.

आणि आपल्या देशात हा प्रश्न कायद्यानेही मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित प्राण्यांची हौशी शिकार बंदच झाली. जखमी करणे, सापळा लावणे, नुसता प्रयत्न करणे हेही त्या कायद्यात शिकारच धरले आहे. आपल्याला हा कायदा दूरचा नाही. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे आणि आपल्याच निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचा पाणथळ प्रदेश महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जगाच्या नकाशावर गेला आहे. एका अंगाला काळवीट, दुसऱ्या अंगाला दूरदेशीचे पक्षी, असे हे आपले गाव. येथे धनुष्य घेऊन मैदानावर उभे राहणाऱ्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे.

योगायोग असा की, ज्या १९७२ साली हा कायदा झाला त्याच साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये अनेक दशकांच्या खंडानंतर धनुर्विद्येचा पुन्हा समावेश झाला. दुसऱ्याच वर्षी भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. धनुष्य रानातून मैदानावर आले ते असे. ज्यांना शिकाऱ्याच्या अंदाजाची कसोटी हवी असेल त्यांच्यासाठी ‘फील्ड’ नावाचा क्रीडाप्रकार आहे. डोंगर-झाडीत २४ लक्ष्ये मांडलेली असतात. त्यांतल्या १२ लक्ष्यांचे अंतर सांगितलेले असते, १२ लक्ष्यांचे खेळाडूने स्वतः ओळखायचे असते. चूक झालीच तर कागदाला भोक पडते, कुणाचा जीव जात नाही.

समारोप

माझ्या मित्राला आता मी उत्तर देऊ शकतो. साईट नेम धरून देत नाही. आपण काल जे केले त्याची ती नोंद ठेवते आणि आज आपण तेच पुन्हा केले तरच ती नोंद खरी ठरते. लासलगावच्या बाजारात काटा असतो. पण काटा कांदा पिकवत नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा तर आधी काटा तपासावा लागतो आणि मग तो दाखवील ते वजन निमूटपणे मान्य करावे लागते. साईटचेही तसेच आहे. बाण विखुरले की ती सांगते, दोष माझा नाही, तुझा आहे. हे ऐकून घेण्याची तयारी फार थोड्यांची असते. पहिल्या संध्याकाळी माझी नव्हती, म्हणून मी स्क्रू फिरवत बसलो. अभ्यासातही आपण असेच करतो. एका पेपरात गुण कमी पडले की पुस्तक बदलतो, शिकवणी बदलतो. वही उघडून चुकांचा पुंजका कोठे पडतो ते पाहत नाही.

अदिती आणि ओजस ज्या मैदानावर तयार झाले ते साताऱ्यातील मैदान उसाच्या शेतातून केलेले आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने तर अत्यंत गरिबीतून येऊन टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. चांगली साईट महाग असते हे खरे, आणि आपल्यासारख्यांच्या घरी तो खर्च जड जातो हेही खरे. परंतु फीत, वही आणि सहा बाणांनंतरच निर्णय घेण्याचा संयम यांना फारसे पैसे पडत नाहीत.

शेवटी पुन्हा द्रोणाचार्यांच्या परीक्षेकडे येतो. त्या गोष्टीतला एक तपशील आपण सहसा विसरतो. झाडावर बसलेला तो पक्षी खरा नव्हता. गुरूंनी तो कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतला होता. शिष्याची दृष्टी पारखण्यासाठी जिवंत पाखराची गरज नाही, हे त्या आचार्यांनाही ठाऊक होते. आपण तेवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.